पत्र्याची डेव्हलपमेंट: परकार की कॅड?

पूर्णाकाठ
दाल मिलचा सायक्लोन (हवेतली धूळ वेगळी करणारं नरसाळं), चाळणीखालचा हॉपर (माल खाली सोडणारं नरसाळं), जिनिंगच्या डक्टचा रिड्यूसर (मोठ्या नळीला लहान नळी जोडणारा तुकडा). वऱ्हाडात तालुक्याच्या वर्कशॉपात वळवलेल्या पत्र्याचं काम बहुतेक एवढंच असतं, आणि त्याची डेव्हलपमेंट, म्हणजे वळवण्याआधी सपाट पत्र्यावर उतरवायचा आकार, काढायला संगणकावरचं कॅड (आराखडे काढायचं सॉफ्टवेअर) लागत नाही असं माझं ठाम मत आहे. आजकाल पोरांच्या हातात आधी माऊस येतो, परकार नंतर. हे उलटं चाललंय.

सायक्लोनचा कोन घ्या (आइस्क्रीमचा कोन; भूमितीतल्याला मी डिग्री म्हणतो). वरचा आतला व्यास ६००, खालचा २००, उभी उंची १०००, पत्रा २ मिमी. वळवताना पत्रा आतून दबतो, बाहेरून ताणतो, मधली रेघ तेवढी आहे तशी राहते. म्हणून हिशोब मधल्या व्यासाने करायचा: ६०२ आणि २०२. त्रिज्या ३०१ आणि १०१, फरक २००. तिरकी उंची म्हणजे २०० आणि १००० यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, १०१९.८. मोठा कंस १०१९.८ × ३०१ ÷ २०० = १५३४.८ त्रिज्येचा, लहान ५१५ चा. डिग्री ३६० × २०० ÷ १०१९.८ = ७०.६.

कोनमापक लावू नका. एवढ्या त्रिज्येवर अर्धी डिग्री चुकली तर कडेला १३ मिमी जातात. मोठ्या कंसावर सरळ टेपने १७७३.८ ची जीवा मारा, झालं. तुकडा १७७४ × १११५ मध्ये बसतो, म्हणजे ८ × ४ फुटी पत्र्यात आरामात. लाकडी पट्टी, दोन खिळे, खडू. लोडशेडिंग असलं तरी काम थांबत नाही.

हिंगणा_लेझर
पूर्णाकाठ भाऊ, गणित बरोबर आहे, पण उदाहरण तुम्ही तुमच्या सोयीचं निवडलंत. सरळ कोन सगळ्यांनाच जमतो. स्क्वेअर-टू-राउंड घ्या: खाली ४५० × ४५० चौकोन, वर ३०० व्यासाचा गोल, उंची ४००. गोलाचे १२ भाग करून त्रिकोण जोडत डेव्हलपमेंट काढायची असते. परकारात एका भागाची जीवा घेतली की ७७.६५ येते, खरा कंस आहे ७८.५४. बारा भागांत १०.७ मिमी खाल्ले गेले. वरची कॉलर बसत नाही, मग ग्राइंडर चालू. २४ भाग केले तरी २.७ मिमी जातात. सॉफ्टवेअरला हा प्रश्नच येत नाही.

आणि नागपूरला लेझर किंवा प्लाझ्मावर कापून घ्यायचं असेल तर डीएक्सएफ फाइल (मशीनला वाचता येणारं रेखाचित्र) लागतेच. खडूच्या रेघेवर मशीन चालत नाही.

पूर्णाकाठ
जीवा घ्यायला कोणी सांगितलं? घेर ९४२.५, त्याला १२ ने भागा, ७८.५ थेट परकारात घ्या. त्रिकोण नावापुरते बदलतात, घेर मात्र पूर्ण भरतो. चूक परकाराची नाही, शिकवणाऱ्याची आहे. शिवाय तुमच्याच मापात कोपऱ्यापासून गोलापर्यंतच्या खऱ्या लांब्या दोनच निघतात: ४६५.० आणि ४३७.७. दोन आकडे आणि ७८.५ फळ्यावर लिहून ठेवले की अख्खा तुकडा उतरतो.

हिंगणा_लेझर
हे मान्य, ७८.५ ची युक्ती चांगली आहे. पण दोनच लांब्या येतात त्या गोल बरोबर चौकोनाच्या मध्यावर आहे म्हणून. जुन्या शेडमध्ये एलिव्हेटर (धान्य वर चढवणारं यंत्र) कधीच मध्यावर येत नाही. गोल एका बाजूला १०० मिमी सरकवा, वेगळ्या लांब्या ८ होतात. दोन्ही बाजूंना वेगवेगळा सरकवा, १६. त्रिकोणाला त्रिकोण लागून जात असल्यामुळे तिसऱ्या रेघेत २ मिमी चुकले की पुढच्या सगळ्या रेघा घसरतात, आणि शेवटची शिवण जुळत नाही तेव्हाच कळतं. सॉफ्टवेअरमध्ये एक माप बदललं की सोळाही बदलतात.

खरपान
राजेहो, दोघंबी अर्धं अर्धं खरं बोलून राह्यले. सॉफ्टवेअर काई आपोआप देत नाई, त्याच्याबी खोड्या हायेत.

पह्यली: पोट्टे बंद गोल कोन काढते अन् 'उलगड' म्हणते. कसा उलगडन? त्याले शिवण पायजे. सॉलिडवर्क्स या कॅडमंधी लॉफ्टेड बेंड (वरचा अन् खालचा आकार जोडून वयलेला पत्रा) करतानी वरचं अन् खालचं, दोन्ही स्केच उघडे ठेवा लागते, एक बारीकशी फट सोडून. दोनीच्या फटी एका रेघीत नसल्या तर तुकडा तिरपाच निंघते.

दुसरी: फुकटचं फ्रीकॅड वापरनारे लई हायेत. त्याच्या शीटमेटल वर्कबेंचचं (पत्राकामाच्या साधनपेटीचं) अनफोल्ड सपाट पत्रा अन् सरळ बेंड उलगडते, कोन समोर आला का अडते. मंग लोकं म्हनते सॉफ्टवेअर बेकार. कर्व्हज वर्कबेंचमंधी फ्लॅटन फेस हाय, ते कोनबी उलगडते अन् नळीबी. पन ते नुसता पृष्ठभाग उलगडते, जाडी त्याले ठाऊक नाई. आतला फेस निवडला का पूर्णाकाठ भाऊनं हिशोबात टाळलेले ६.३ मिमी कमी आलेच म्हनून समजा. ६०२ अन् २०२ चाच पृष्ठभाग काढा, मंग उलगडा.

तिसरी खोडी लेझरवाल्यायची. फाइलमंधी बेंडच्या रेघा असते. त्या वेगळ्या लेयरवर (थरावर) नसल्या तर मशीन त्याबी कापून टाकते. स्क्वेअर-टू-राउंडचे सोळा तुकडे हातात!

हिंगणा_लेझर
तिसरीचं खापर आमच्यावर फोडू नका, खरपान भाऊ. कापायच्या आणि खुणेच्या रेघा वेगळ्या रंगात द्या, आम्ही खुणेच्या नुसत्या हलक्या कोरून देतो. आणि त्या कोरून घ्याच. कोन रोलरवर घालताना एका टोकाला १८९१ मिमी जायचं असतं, दुसऱ्याला ६३५, तेही एकाच वेळी. पत्रा घसरतो. शेंड्याकडे जाणाऱ्या १२ किंवा १६ रेघा पत्र्यावर असल्या तर प्रत्येक रेघ रोलरला समांतर आणत जाता येतं. त्या नसतील तर कोन पिळतो आणि दोष डेव्हलपमेंटला लागतो.

पूर्णाकाठ
त्या रेघा खडूनेही येतात. पण मुद्दा चांगला. सोबत हेही लिहा की तीन रोलरच्या मशीनवर दोन्ही टोकं सपाट राहतात. आधी हातोड्याने पाइपावर ठोकून वळवावी लागतात, किंवा जादा पत्रा सोडून नंतर कापावा लागतो. हे ना परकार सांगतो ना कॅड.

पुसद_फोल्डिंग
कोनातून जरा बाहेर या. कृषिपंपाच्या स्टार्टरची पेटी, कूलरची बॉडी, म्हणजे सरळ बेंडचं काम. इथे के-फॅक्टरवरून (वाकवताना न ताणणारी रेघ आतल्या बाजूपासून जाडीच्या किती भागावर आहे तो आकडा) जो गोंधळ होतो त्याला तोड नाही. २ मिमी पत्रा, आतली त्रिज्या २, ९० डिग्री. के ०.३३ धरला तर बेंडमध्ये ४.१८ मिमी पत्रा जातो, ०.५ धरला तर ४.७१. एका बेंडला अर्धा मिमी, चार बेंडला दोन. झाकण बसत नाही ते इथेच. त्यात आतली त्रिज्या पत्र्यावर नाही, डायवर (खालच्या व्ही आकाराच्या साच्यावर) ठरते. साध्या लोखंडी पत्र्याला प्रेसवर हवेत (डायच्या बुडाला न टेकवता) वाकवलं तर ती व्ही डायच्या रुंदीच्या साधारण १६ टक्के येते. १६ मिमीच्या व्हीमध्ये २.६ च्या आसपास. सॉफ्टवेअरमध्ये मात्र २ लिहिलेलं असतं.

उपाय सोपा आहे, के-फॅक्टर विसराच. त्याच पत्र्याची बरोबर १०० मिमीची पट्टी कापा, तुमच्याच मशीनवर मध्यात ९० ला वाकवा, दोन्ही बाजू बाहेरून मोजा. बेरीज १०३.५ आली तर प्रत्येक बेंडला ३.५ वजा. सॉफ्टवेअरमध्ये बेंड डिडक्शन म्हणून हाच आकडा भरता येतो. हाताच्या फोल्डिंग मशीनवर पट्टी तपासल्याशिवाय पेटी कापूच नका, पातं झिजलेलं असतं.

झाडीपट्टी
ट्रॅक्टरचं मडगार्ड फ्लॅटन करून (सपाट उलगडून) मिळेल का? दोन्ही बाजूंनी फुगीर आहे.

हिंगणा_लेझर
सॉलिडवर्क्सच्या प्रीमियम आवृत्तीत सरफेस फ्लॅटन आहे, कुठे किती ताण येईल ते रंगाने दाखवतं.

पूर्णाकाठ
आणि तो रंग बघून लोक फसतात. दोन दिशांनी वळलेला पत्रा न ताणता सपाट होतच नाही, गाउसने १८२७ मध्येच हे सिद्ध केलंय. कोन, नळी, स्क्वेअर-टू-राउंड उलगडतात, कारण त्यांच्यावर प्रत्येक ठिकाणी एका दिशेने तरी सरळपट्टी टेकते. मडगार्डावर, टाकीच्या फुगीर बुडावर ती टेकत नाही. तिथे फाइल म्हणजे अंदाज. कडेला २०–२५ मिमी जादा ठेवा, ठोकून आकारात आणा, मग फर्म्यावर कापा.

खरपान
झाडीपट्टी दादा, मडगार्डाचे तीन पट्टे करा. मधला एकाच दिशेनं वयलेला, बाजूचे दोन सपाट, कडेले वेल्ड. दिसाले जराक टोकदार दिसन, पन उलगडते बराबर.

पुसद_फोल्डिंग
लेझरला पाठवायचं नसेल तर मधली वाट: डेव्हलपमेंट कॅडवर काढा, कागदावर १:१ छापून त्याचा फर्मा करा. दोन सापळे आहेत. छापणारा 'पानात बसवा' दाबतो आणि सगळं २–३ टक्क्यांनी लहान येतं. म्हणून फाइलमध्ये ५०० मिमीची एक मोकळी रेघ ठेवा, कागद हातात आला की आधी तीच मोजा. दुसरं, कागदाचा फर्मा दमट हवेत वाढतो. तो एकदाच वापरा, लगेच पातळ पत्र्यावर उतरवा आणि पुढचे नग त्या पत्र्यावरून काढा.

हिंगणा_लेझर
डीएक्सएफलाही तेच. मिमीची फाइल इंचात उघडली की २५.४ पट. एवढा फरक लगेच दिसतो, पण खुणेला बाजूला १०० × १०० चा चौकोन ठेवा, कापायच्या लेयरवर नको. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. स्क्रीनचा फोटो पाठवून 'यावरून कापून द्या' म्हणणारे आजही आहेत.

पूर्णाकाठ
बरं, गोल दोन्ही बाजूंना सरकलेला हॉपर कॅडवर, हे मी मान्य करतो. सरळ कोनाला तरीही परकारच. १५३४.८ ची पट्टी खिळ्याला लावेपर्यंत तुमचा संगणक चालू पण होत नाही.

खरपान
मान्य. पन त्या सरकलेल्या हॉपरच्या तुकड्यावर 'आतली बाजू' लिवाले सांगा लेझरवाल्याले. कोन कोनत्याबी बाजूनं वयला तरी कोनच ऱ्हायते. हा उलटा वयला का गोल १०० मिमी एलिव्हेटरकडं जायच्या जागी भिंतीकडं जाते.

हिंगणा_लेझर
बाण आणि 'आत' कोरून देतो. फाइलमध्ये टाकून पाठवा, फोनवर सांगू नका.