'वाचाघात' की 'भाषाघात'?

पाटीपेन्सिल: मेंदूचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांच्या घरच्यांसाठी पत्रक मराठीत करतेय. 'अफेजिया'ला, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा वापरणं-समजणं बिघडतं त्याला, 'वाचाघात' लिहिलं, तर स्पीच थेरपिस्ट ताईंनी खोडलं. लोकांना वाटतं, आवाज गेला. त्यांच्याकडचे एक काका घडाघडा बोलतात, हेल अगदी नेहमीचा, पण बोलण्याला अर्थ नाही आणि समोरच्याचंही कळत नाही. त्यांची वाचा कुठे गेलीय? 'भाषाघात' चालेल?

गोदाकाठ: 'वाचाघात' रुळलाय, 'पक्षाघात'सारखाच. वाचा म्हणजे नुसता आवाज नव्हे. परा, पश्यंती, मध्यमा (मनात शब्दरूप घेणारी), वैखरी (तोंडातून बाहेर पडणारी) या परंपरेतल्या चारही वाचाच. फ्रेंच डॉक्टर ब्रोकांनी १८६१ साली पॅरिसजवळ तपासलेला रुग्ण जवळजवळ फक्त 'तान' म्हणायचा, पण त्याला बरंच समजायचं. त्याची वैखरी अडली. जर्मन डॉक्टर व्हेर्निकेंनी १८७४ साली वर्णन केलेले रुग्ण या काकांसारखे. तिथे मध्यमाच विस्कटलेली.

रानजाई: 'भीतीने वाचा बसली' म्हणतो तेव्हा तोंडातून शब्द फुटत नाही, एवढंच. दवाखान्याच्या व्हरांड्यात उभ्या बाईला पश्यंती कशाला? सरळ 'बोलणं-समजणं बिघडणं' लिहा.

वळीव: आजीच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा तिला 'पाणी' म्हणता येईना. तांब्याकडे बोट आणि 'ते... ते...'. पण दिवा लावला की 'शुभं करोति' अथपासून इतिपर्यंत! मध्ये थांबवलं तर पुढची ओळ येत नसे, पुन्हा पहिल्यापासून. तिची वाचा गेली म्हणायची की भाषा?

पाटीपेन्सिल: पाठ असलेलं, वारांची नावं, शिव्यासुद्धा पुष्कळदा टिकतात. हे पत्रकात घालतेच. घरच्यांना वाटतं, माणूस मुद्दाम बोलत नाही. पण शब्द कोणता?

गोदाकाठ: 'भाषाघात' वाचून इंग्रजीने मराठीवर केलेला आघात डोळ्यांसमोर येतो. वळीव, 'अंगावरून वारं' किती नेमकं! अर्धांगवायूतला वायू तोच.

निंबोणी: नागपूरकडे लकवाच म्हणतात.

गोदाकाठ: तो अरबी. मुळात तोंड वाकडं होणं. अख्ख्या अर्ध्या अंगाला लावणं चूक.

निंबोणी: चूक कशी? आमच्या गावात डॉक्टरही पेशंटला 'लकवा मारला' असंच सांगतात. तिथे 'वारं गेलं' म्हणाल तर लोक खिडकी लावतील.

वळीव: सोलापूरकडे दोन्ही ऐकलंय. लकवा 'मारतो', वारं 'जातं'. कोकणात काय म्हणतात?