जोनाथन डेव्हिसने वेल्सला सोडलं, की वेल्सने त्याला?

रानवाट:
वेल्सच्या रग्बीचा विषय निघाला की १९८९ चा जानेवारी हटकून येतो. वेल्सच्या युनियन संघाचा कर्णधार आणि त्या घडीचा तिथला सर्वात चांगला फ्लाय-हाफ (दहा नंबरचा, खेळाची सूत्रं हलवणारा खेळाडू) जोनाथन डेव्हिस त्या महिन्यात उत्तर इंग्लंडच्या विडनेस क्लबशी करार करून रग्बी लीगमध्ये गेला.

ज्यांना रग्बीचे हे दोन प्रकार माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. युनियनमध्ये १५ खेळाडू, लाइनआऊट (बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांच्या मधे फेकून खेळ सुरू करणं) आणि खरी रेटारेटी असलेला स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांच्या पुढच्या फळ्यांनी एकमेकांना रेटणं. लीगमध्ये १३ खेळाडू आणि सहा टॅकलच्या, म्हणजे चेंडूवाल्याला सहा वेळा पकडून पाडण्याच्या, आत काय ते करून दाखवायचं. १८९५ साली हडर्सफील्डला उत्तरेतले क्लब फुटून निघाले ते पैशावरून. सामन्यासाठी खाणीतली, गिरणीतली मजुरी बुडते, ती भरून द्या, एवढीच मागणी होती. ती मान्य झाली नाही आणि पुढची शंभर वर्षं जो लीगमध्ये पैसे घेऊन खेळला त्याला युनियनचे दरवाजे जन्मभर बंद राहिले.

डेव्हिसला हे पक्कं ठाऊक होतं, तरी तो गेला. माझ्या मते त्याने योग्य केलं. त्याला दोष देणाऱ्यांनी आधी वेल्श युनियनचा, म्हणजे तिथल्या रग्बी मंडळाचा, १९८८ चा कारभार पाहावा. त्या वर्षी इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड तिघांनाही हरवून वेल्सने ट्रिपल क्राऊन जिंकला. त्यानंतर संघ न्यूझीलंडला गेला आणि दोन कसोटींत ५२-३ आणि ५४-९ असा चिरडला गेला. दुसऱ्या कसोटीत आधीचा कर्णधार ब्लेडिन बोवेन जखमी असल्याने डेव्हिस कर्णधार होता. परतल्यावर त्याने युनियनच्या वार्षिक सभेत बोलू द्या, आपण कुठे मागे पडलो ते सांगतो, अशी विनंती केली. ती नाकारली गेली. डिसेंबरमध्ये कार्डिफला रोमानियाने वेल्सला १५-९ ने हरवलं आणि सगळी बोटं कर्णधाराकडे वळली. अशा वेळी माणसाने काय करायचं?

गडकोट:
राहायचं. कर्णधार होता ना?

तुमचा युनियनवरचा राग मला समजतो, पण तो गेल्यावर काय झालं तेही सांगा. १९९० च्या पाच राष्ट्रांच्या (इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स, फ्रान्स) स्पर्धेत वेल्स चारही सामने हरला. तसं आधी कधीच घडलं नव्हतं. १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियात ६३-६, आणि त्याच वर्षी विश्वचषकात, कार्डिफच्या स्वतःच्या मैदानावर, वेस्टर्न सामोआकडून १६-१३ ने हार. त्याच्यापाठोपाठ डेव्हरो, मोरियार्टी असे बाकीचेही गेले. कर्णधारानेच वाट दाखवली की मागच्यांना कोण थांबवणार?

वॉरिंग्टनकर:
मी इथे वॉरिंग्टनजवळ राहतो. आमच्याकडच्या जुन्या प्रेक्षकांकडून ऐकलेलं आणि जुन्या चित्रफितींत पाहिलेलं सांगतो.

युनियनवाल्यांचा एक आवडता समज आहे, की डेव्हिस लीगमध्ये पैसे कमवायला गेला आणि जेमतेम निभावला. साफ चूक. विडनेसला पोहोचला तेव्हा तो लीगच्या मानाने किरकोळ अंगाचा होता. त्याने वजन वाढवलं, टॅकल शिकला, सेंटरला खेळला, विंगला खेळला, फुलबॅकला खेळला, शिवाय किकही मारल्या. ज्या फ्लाय-हाफभोवती सगळा संघ फिरायचा त्याने नवख्यासारखं पहिल्यापासून शिकायचं, हे सोपं नाही. त्याच १९८९ साली विडनेस विजेते ठरले आणि ओल्ड ट्रॅफर्डला कॅनबेरा रेडर्सना ३०-१८ ने हरवून क्लबांचे जगज्जेते झाले. पुढे तो आमच्या वॉरिंग्टनच्या लीग क्लबला आला आणि १९९४ चा मॅन ऑफ स्टील, म्हणजे लीगमधला हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, तोच होता.

आणि ऑक्टोबर १९९४ ची वेम्बली. ग्रेट ब्रिटनचा कर्णधार शॉन एडवर्ड्स पहिल्या अर्ध्यातच लाल कार्डावर बाहेर. ऑस्ट्रेलियासमोर बारा माणसं. त्यात डेव्हिसने मधून फट काढली, पुढ्यात आलेल्या फुलबॅकला बाहेरच्या अंगाने वेगात मागे टाकलं आणि कोपऱ्यात झेप घेतली. ब्रिटन ८-४ ने जिंकलं. ती धाव युनियनमध्ये घडलेल्या खेळाडूचीच होती, पण तेवढ्या दमाने आणि ताकदीने ती संपवण्याचं बळ त्याला लीगनेच दिलं.

पाणंद:
गडकोट, तुमच्या हिशोबात १९९४ राहून गेलं. त्या वर्षी डेव्हिस नसताना वेल्सने पाच राष्ट्रांची स्पर्धा जिंकली. म्हणजे तो गेला म्हणून सगळं बुडालं, हे टिकत नाही.

गडकोट:
जिंकली, आणि त्याच वर्षी त्या संघातला स्कॉट क्विनेल विगन या लीग क्लबला गेला. म्हणजे एक पीक उभं राहिलं की लगेच कापून नेलं जायचं. माझ्या म्हणण्याला तुम्ही बळच दिलंत.

सांजवारा:
तुम्ही सगळे डेव्हिसवर भांडताय, पण त्याच्यापाशी निवड होती. ज्यांच्यापाशी नव्हती त्यांचं काय?

बिली बोस्टन कार्डिफच्या टायगर बे वस्तीतला पोरगा. गोदीकाठची मिश्र वस्ती, वडील आफ्रिकन वंशाचे. त्याचं स्वप्न होतं कार्डिफ क्लबकडून आणि वेल्सकडून खेळण्याचं. कार्डिफने कधी बोलावलं नाही. १९५३ मध्ये विगनने त्याला घेतलं आणि त्याने विगनसाठी ४८८ सामन्यांत ४७८ ट्राय (चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपार टेकवून मिळवलेले गुण) केले. हा आकडा मी दरवेळी पुन्हा वाचते. क्लाइव्ह सलिव्हनही कार्डिफचाच, हलला गेला, आणि १९७२ मध्ये ग्रेट ब्रिटनचा कर्णधार म्हणून लीगचा विश्वचषक उचलला. कुठल्याही खेळात ब्रिटनच्या राष्ट्रीय संघाचं नेतृत्व करणारा तो पहिला कृष्णवर्णीय. वेल्सच्या युनियन संघात १९८० च्या दशकापर्यंत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, तोवर बोस्टन खेळून निवृत्त होऊन कित्येक वर्षं झाली होती.

कार्डिफ बेमध्ये बोस्टन, सलिव्हन आणि गस रिझमन यांचा पुतळा उभा राहिला २०२३ मध्ये. बोस्टनला 'सर' किताब मिळाला २०२५ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर. रग्बी लीगच्या खेळाडूला मिळालेला तो पहिलाच. "वेल्सला सोडून गेला" हे शब्द या माणसांबद्दल कोणी वापरले तर मला राहवत नाही.

गडकोट:
बोस्टनबद्दल तुमच्याशी वाद नाहीच. ते वेल्सचं पाप आहे. पण बोस्टनला दार बंद होतं आणि डेव्हिस स्वतः दार ओढून गेला. दोघांना एका ओळीत बसवू नका.

चिंचोळी:
आपल्याकडचं एकच उदाहरण देतो. २००७ मध्ये इंडियन क्रिकेट लीगमध्ये गेलेल्यांवर बीसीसीआयने बंदी घातली. अंबाती रायुडू त्यात होता. २००९ मध्ये माफी मिळाली आणि २०१३ मध्ये तो भारताकडून खेळला. डेव्हिसच्या वेळी तेवढीही सोय नव्हती. बंदी जन्मभराची. जाणारा कायमचं गमावण्याच्या तयारीने जायचा, म्हणून त्याला 'पैशासाठी गेला' म्हणणं मला पटत नाही.

गडकोट:
माफीची खात्री नसताना गेला हे धाडस, मान्य. पण ज्या तत्त्वाला तुम्ही सगळे धोपटताय त्यात थोडं सत्य होतं. डेव्हिसच्या ट्रिमसरनसारख्या खाणीच्या गावातलं पोरगं गावाच्या क्लबात वाढायचं, मग नीथ किंवा लानेलीला खेळायचं, आणि आठवडाभर शेजाऱ्यांबरोबर कामाला जायचं. प्रेक्षक आणि खेळाडू एकाच गल्लीतले. १९९५ मध्ये युनियन व्यावसायिक झालं आणि २००३ मध्ये वरच्या पातळीवरून क्लब काढून पाच प्रादेशिक संघ आणले. त्यातला सेल्टिक वॉरियर्स वर्षभरात गुंडाळला. नीथसारखा क्लब आज कुठे आहे? पैसा आला तेव्हा दऱ्याखोऱ्यांतलं रग्बी वाचलं नाही.

रानवाट:
हा तुमचा सर्वात भक्कम मुद्दा आहे. पण ते जुनं रग्बी इतकं निर्मळ होतं का? १९८९ मध्ये, वर्णभेद चालू असताना, वेल्सचे दहा खेळाडू जागतिक संघातून दक्षिण आफ्रिकेत खेळून आले. चौकशी झाली, गदारोळ झाला, पण जन्मभराची बंदी कोणावर आली नाही. त्याच वर्षी विडनेसला गेलेल्या डेव्हिसवर मात्र आली. तत्त्व पैशाचं असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं. राग लीगवर होता, उत्तरेतल्या कामगारांच्या खेळावर होता.

आणि भिंत पडल्यावर वेल्सला काय मिळालं ते बघा. वेम्बलीवर लाल कार्ड मिळालेला तोच शॉन एडवर्ड्स २००८ ते २०१९ वेल्सच्या युनियन संघाचा बचावाचा प्रशिक्षक होता. त्या काळात तीन ग्रँड स्लॅम, म्हणजे राष्ट्रांच्या स्पर्धेतले सगळे सामने जिंकणं. लीगचं शहाणपण शंभर वर्षं बाहेर ठेवून कोणाचं भलं झालं?

वॉरिंग्टनकर:
स्कॉट गिब्सही आठवा. १९९४ मध्ये लीगमधल्या सेंट हेलेन्सला, १९९६ मध्ये युनियनमध्ये स्वॉन्झीला परत, आणि १९९७ च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात ब्रिटिश लायन्सचा (ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक खेळाडूंचा युनियन संघ) मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू. लीगमध्ये दोन वर्षं घालवून तो बिघडला नाही, जास्त अवघड झाला.

गडकोट:
गिब्स पंचविशीत परतला. डेव्हिस नोव्हेंबर १९९५ मध्ये कार्डिफ क्लबला परतला तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. मार्च १९९७ मध्ये जुन्या आर्म्स पार्कवरच्या शेवटच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात इंग्लंडने वेल्सला ३४-१३ ने हरवलं. तोच डेव्हिसचाही शेवटचा. सामोआकडून हरलो त्या दिवशी तो अठ्ठावीस वर्षांचा होता, लीगमध्ये ऐन भरात. युनियन चुकली हे मी धरून चालतो. तरी कार्डिफला बसलेल्या त्या प्रेक्षकाला तुम्ही काय सांगाल, ज्याने तिकीट काढलं आणि दहा नंबरला डेव्हिस नव्हता?

रानवाट:
त्याला सांगेन की सभेच्या दारावर ज्यांनी डेव्हिसला अडवलं त्यांच्याकडे तिकिटाचे पैसे परत माग.