फायनल इयर प्रोजेक्टमध्ये रिफ्लेक्शन खरंखुरं कसं करून घ्यावं? सल्ला हवा

धरमपेठकर
नागपुरात सिव्हिलच्या फायनल इयरला शिकवते. सप्टेंबर २०२३च्या पुरापासून पोरांना अंबाझरी तलाव नाहीतर नाग नदी, हेच विषय हवे असतात. काम मन लावून करतात, पण रिफ्लेक्शनचं, म्हणजे कामातून काय शिकलो त्याचं पान सबमिशनच्या आदल्या रात्री. सगळ्यांचं एकच: "टीमवर्क शिकलो, वेळेचं महत्त्व कळलं." आता तर चॅटजीपीटी आहेच मदतीला. पुढच्या सेमिस्टरला कॅपस्टोन, म्हणजे हाच फायनल प्रोजेक्टचा कोर्स नव्यानं आखायचाय. गिब्जच्या १९८८च्या रिफ्लेक्शन चक्राचा साचा देऊ का?

वऱ्हाडी_मास्तर
मॅडम, वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, पुढचा आराखडा, या त्या चक्राच्या सहाही पायऱ्या दर आठवड्याला मागितल्या तर पोरं फॉर्म भरून मोकळी होतील. मिड-सेम रिव्ह्यूनंतर एकदा आणि शेवटी एकदा, बस. एरवी एकच प्रश्न: या आठवड्यात कोणता निर्णय बदलला आणि कशामुळे? लॅबमध्येच, हातानं, दहा मिनिटांत.

माझ्याकडच्या एका गटाची नोंद बघा: "डीओचा (पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचा) नमुना तसाच कॉलेजात आणला, जागेवर रसायनं घालून फिक्स केला नाही. रीडिंग फारच कमी. सांडपाण्यातले जिवाणू वाटेतच ऑक्सिजन संपवतात. पुढच्या वेळी मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड नदीवरच नेणार. जुनी रीडिंग बाद." टीमवर्कचं नाव नाही, पण शिकले ते दिसते ना जी!

फुटाळा_कट्टा
माजी विद्यार्थी म्हणून सांगतो, भावनांना मार्क ठेवू नका. मार्क दिसले की आम्ही रडूनही दाखवतो. सुरुवातीच्या सिनॉप्सिसमध्ये काय गृहीत धरलं होतं आणि त्यातलं काय टिकलं नाही, ते पुराव्यासह मागा. मार्क त्याला.

धरमपेठकर
पटलं. पण ६० पोरांच्या वह्या दर आठवड्याला वाचणार कोण? नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली वेगळ्याच.

वऱ्हाडी_मास्तर
सगळ्या काहून वाचता? चौघांचे १५ गट धरा. आठवड्याला चार गट, महिन्यात सगळे होतात. 'गुड' लिहून सही ठोकू नका, समासात एक प्रश्न टाका. उत्तर पुढच्या नोंदीत आलंच पाहिजे. व्हायव्हाला वही टेबलावर ठेवा, एक्स्टर्नलनं कोणतंही पान उघडून विचारावं. दुसऱ्याकडून लिहून घेतलं असेल तर तिथंच ततपप होते.

धरमपेठकर
एक्स्टर्नलना आधीच कळवावं लागेल, नाहीतर ते थेट निष्कर्षाचं पान उघडतात. सोमवारी एचओडींशी बोलते.