साध्या बसने व्हिएतनाम : ग्रुपवरील विचारणा आणि बी-२०४ ची उत्तरे

सी-३०२ : बी-२०४ चे काका-काकू व्हिएतनामहून परतल्याचे कळले. पुढच्या हिवाळ्यात आम्हीही जाण्याच्या विचारात आहोत. पॅकेज घ्यावे, की तुमच्यासारखे बसने फिरावे? सोबत सासूबाई असतील, आणि आम्ही सर्व शाकाहारी आहोत, हे लक्षात घेऊन कृपया सविस्तर सांगावे.

बी-२०४ (काका) : आम्ही हो ची मिन्ह शहरातून दा लात, तेथून न्या चांग आणि पुढे होई आन असा सगळा पल्ला बसनेच केला. दा लातचे अंतर सुमारे ३०० किलोमीटर असले तरी शेवटी घाट असल्याने सात-आठ तास धरावेत. स्लीपर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर नागपूर-पुणे ट्रॅव्हल्स येतात, पण तिकडच्या बसमध्ये एकेका प्रवाशाच्या अरुंद खाटांच्या तीन रांगा आणि दोन मजले असतात, पाठ थोडी उंचावलेली असते आणि पाय समोरच्याच्या डोक्याखालील खोक्यात सारावे लागतात. माझ्या उंचीच्या माणसाचे गुडघे त्यात मावत नाहीत. चढतानाच चपला काढून हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायच्या. वाटेतल्या थांब्यावर उतरताना दाराशी रबरी चपलांचा ढीग असतो, त्यांतला हाती लागेल तो जोड घालायचा.

बी-२०४ (काकू) : कोणाच्या पायातल्या कोण जाणे, म्हणून मी पहिल्या थांब्यावर खाली उतरलेच नाही. दुसऱ्या थांब्यावर मुकाट्याने घातल्या, कारण बसमध्ये स्वच्छतागृह नव्हते.

जेवणाचे मी सांगते. एका थांब्यावर पहाटे मी दुकानातल्या बाईंना “चाय, चाय” म्हणाले, तर त्यांनी भात, टोफू आणि उकडलेली पालेभाजी पुढे ठेवली. नंतर उलगडा झाला की त्यांच्या भाषेत ‘चाय’ म्हणजे शाकाहार. चहाला दक्षिणेत ‘ट्रा’ म्हणतात. “आन चाय” एवढे दोन शब्द पाठ केले की निम्मी काळजी मिटते. पौर्णिमेला आणि त्यांच्या चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी तिकडचे अनेक बौद्ध लोक मांसाहार टाळतात, त्यामुळे त्या दिवशी शाकाहारी जेवण सहज मिळते. एरवी मात्र साध्या दिसणाऱ्या भाजीतही माशांपासून केलेला नुओक माम घातलेला असू शकतो. तेव्हा आधी विचारावे आणि मगच घास घ्यावा.

ए-१०३ : काकांनी टाकलेल्या फोटोत हातगाडीवर हिरवी संत्री दिसत आहेत. आमची काटोलला बाग आहे म्हणून विचारतो, तिकडे कच्चा माल विकतात काय?

बी-२०४ (काका) : मीही तेच समजलो होतो आणि त्या बाईंना पिकलेले फळ दाखवा असे खुणेने सांगत राहिलो. शेवटी त्यांनी एक कापून दाखवले. आत गर्द केशरी गर आणि भरपूर रस. या वाणाला ‘काम सान्ह’ म्हणतात, साल जाड आणि खडबडीत असते. तुम्ही जाणताच की रात्री गार पडू लागल्या की सालीतले हरितद्रव्य ओसरून रंग चढतो. मेकाँगच्या मुखाकडील प्रदेशात रात्रीही उष्ण असल्याने फळ आतून पिकते, पण वरून हिरवेच राहते. चव चांगली आहे. नागपूरच्या संत्र्यासारखी आहे असे मात्र मी म्हणणार नाही.

बी-२०४ (काकू) : नोटेची गोष्ट हे सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. २०,००० डोंगांची नोट निळी आणि ५,००,००० ची नोटही निळसर. न्या चांगच्या शहर बसमध्ये यांनी दुसरी दिली. ३०० डोंगांचा एक रुपया धरला तर सत्तर रुपयांच्या आतल्या कामासाठी सोळाशेहून अधिक रुपये! वाहकाने हसून ती परत केली आणि दोघांनाही “बाक” म्हटले. आईवडिलांच्या थोरल्या भावाला आणि बहिणीला, दोघांनाही तिकडे हाच शब्द चालतो. हो ची मिन्ह यांनाही लोक ‘बाक हो’ म्हणतात.

सी-३०२ : मग सासूबाईंचे काय करावे? त्यांना वरची खाट जमणार नाही.

बी-२०४ (काका) : खालची खाट आधीच आरक्षित करावी, आणि तरीही त्यांना घेऊन रात्रीचा प्रवास करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. लांबचे टप्पे विमानाने किंवा रेल्वेने करा. दा लात ते न्या चांग हा सुमारे चार तासांचा टप्पा मात्र दिवसा, खुर्चीच्या बसने अवश्य करा. दा लातविषयी फार लिहीत नाही. चिखलदऱ्याच्या मधोमध मोठा तलाव आणि भोवती फुलशेती कल्पावी. तेथून बस घाट उतरून समुद्राकाठी येते. न्या चांगला शहर बसच्या पाटीवर आम्ही ‘पो नगर’ वाचले आणि क्षणभर प्रतापनगरच आठवले. शब्द खरोखरच संस्कृत ‘नगर’वरून तिकडच्या चाम लोकांच्या भाषेत गेलेला आहे. पो नगर म्हणजे चाम राजांच्या काळातील विटांची देवळे, ती आठव्या ते तेराव्या शतकांतील आहेत, आणि तेथील देवीची पूजा आजही चालू आहे.

सी-३०२ : मोठ्याने वाचून दाखवले. सासूबाई विचारतात, तेथे देवीची ओटी भरता येते का?

बी-२०४ (काकू) : ओटी भरताना कोणाला पाहिले नाही. परंतु देवीला वस्त्र नेसवलेले होते, आणि पुढे फळे, फुले व उदबत्त्या होत्या. खण सोबत असू द्यावा. वजन ते कितीसे असते?