साडेनऊ पॉइंटात बोदोनी का तुटतो?

प्रश्न (अनुस्वार): एका द्वैभाषिक स्मरणिकेतील इंग्रजी लेख मी बोदोनी या रोमन लिपीच्या फॉन्टात, साडेनऊ पॉइंटात लावले. पडद्यावर पान देखणे दिसत होते; मॅपलिथो (चकाकीचा थर नसलेल्या) कागदावरची नमुना-प्रत हाती आली तेव्हा मात्र अक्षरांतील बारीक रेषा जागोजागी तुटल्या होत्या आणि ओळीत उभ्या दांड्यांचे कुंपण तेवढे उरले होते. दोष छपाईचा की माझ्या निवडीचा?

उत्तर (खिळेजुळारी): छपाईला बोल लावण्याआधी आपण बोदोनीचे कोणते रेखाटन वापरले ते पाहावे. या अक्षरांचे खोड, म्हणजे उभी रेषा, जाड असते, सेरिफ (रेषांच्या टोकांच्या छोट्या आडव्या रेघा) केसाएवढे बारीक असतात आणि दोहोंच्या सांध्याला वळणाचा आधार जवळजवळ नसतो. त्यामुळे अक्षर लहान केले की पहिला बळी सेरिफचा जातो. जांबातिस्ता बोदोनी (1740–1813) 1768 पासून पार्मा येथे ड्यूकचे मुद्रणालय चालवत होता. त्या काळी खिळ्यांच्या (छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या) प्रत्येक आकारासाठी पोलादी पंच, म्हणजे अक्षराचा मूळ ठसा, स्वतंत्र कोरावा लागे आणि लहान आकारात बारीक रेषा तुलनेने जाड ठेवता येत. त्याच्या पत्नीने 1818 मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन खंडी नमुनाग्रंथात हे आकार एकापाठोपाठ एक पाहता येतात. आजचे अनेक डिजिटल बोदोनी मात्र एकच रेखाटन ताणून किंवा आक्रसून सर्व आकारांना पुरवतात. आयटीसी या अमेरिकी फॉन्ट-कंपनीने 1994 मध्ये 6, 12 आणि 72 पॉइंटांसाठी तीन वेगळी रेखाटने काढली, ती याच कारणाने. विनामूल्य हवा असल्यास ‘बोदोनी मोदा’ घ्यावा. त्यात आकारानुसार रेषांची जाडी बदलण्याची सोय आहे, पण ती सुरू आहे ना, हे तपासावे.

उत्तर (काना-मात्रा): वरील मताशी सहमत आहे. तरीही मी हा फॉन्ट सलग मजकुराला वापरणार नाही. शीर्षके, मुखपृष्ठ, निमंत्रणपत्रिका हे त्याचे खरे क्षेत्र. फॅशन मासिकांच्या नाममुद्रांत बोदोनी आणि त्याचा फ्रेंच भाऊबंद दिदो सतत दिसतात, कारण तिथे अक्षर मोठे असते आणि कागद गुळगुळीत. रंगीत पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे तर टाळावीतच: शाई पसरून बारीक रेषा बुजते आणि चार रंगांची जुळणी केसभर हलली तरी ती नाहीशी होते.

अनुस्वार: आभारी आहे. शीर्षके बोदोनीत ठेवून मजकुराचा फॉन्ट बदलतो. शेजारच्या मराठी शीर्षकांची शिरोरेषाही तेवढीच बारीक केली तर जोडी जमेल का?

काना-मात्रा: कृपया तसे करू नये. रोमन अक्षराची आडवी रेषा बारीक झाली तरी उभ्या खोडावरून ते ओळखू येते. देवनागरीत शिरोरेषा शब्द बांधून ठेवते, आणि ती छपाईत तुटली की ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांतला फरकच धूसर होतो. उभा दांडा जाड आणि शिरोरेषा त्याहून थोडीच बारीक, असा देवनागरी फॉन्ट निवडावा. जोडी काळेपणाच्या वजनावर जमवावी.