ऊसतोड कामगारांची नववी-दहावीची मुलं आणि गणित: पासापुरतं नको, पुढचं हवं (मदत हवी आहे)

नमस्कार. बीड जिल्ह्यात, शिरूर कासार तालुक्यातल्या एका गावात मी संध्याकाळी नववी-दहावीच्या मुलांचं गणित घेते. बहुतेकांचे आईवडील दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जातात, ते मार्च-एप्रिलमध्ये परततात. गावातलं हंगामी वसतिगृह आठवीपर्यंतच. पुढची काही मुलं आजीपाशी राहतात, काही आईवडिलांसोबत उसाच्या फडावर जातात.

या मुलांना जी मदत मिळते ती पास होण्यापाशी थांबते. अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण, 'कृती पूर्ण करा'चे प्रश्न, दोन-चार पाठ प्रमेयं, की झाले ३५. बोर्डाच्या प्रत्येक पेपरातला चौथा आणि पाचवा प्रश्न मिळून ११ गुणांचा असतो, तो "आपल्या पोरांचा नाही" असं सगळ्यांनी धरूनच ठेवलंय. मला हे पटत नाही, कारण यांच्यातली काही पोरं खरोखर तल्लख आहेत.

नववीतल्या एका मुलीनं, श्रेढी वगैरे काही शिकवलेलं नसताना, खडे मांडून दाखवलं की १, ३, ५, ७ असं मिळवत गेलं की दरवेळी चौरस होतो. का होतो तेही सांगितलं: आधीच्या चौरसाच्या दोन बाजूंना एकेक रांग लावायची आणि कोपऱ्यात एक खडा ठेवायचा. हीच मुलगी ३/४ − २/३ ला अडते. पाचवी-सहावीचे हिवाळे तिनं फडावर काढलेत, आणि अपूर्णांक नेमके तेव्हा शिकवून झाले. आठवीत तिला एनएमएमएस ही परीक्षेतून मिळणारी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती मिळाली. वर्षाचे ते १२,००० रुपये बारावीपर्यंत मिळणार, म्हणून घरचेही सध्या शीक म्हणतात. दहावीला गणितात ९० च्या पुढे गेली तर ती पुढे शिकेल. ६० पडले तर काय होईल, ते इथल्या मुलींचं बघून मला माहीत आहे.

अडचणी अशा. अपूर्णांक, ऋण संख्या, गुणोत्तर मुळापासून घेतलं तर वर्ष त्यातच सरतं आणि हुशार मुलं कंटाळतात. सोडून द्यावं तर बहुपदीत तीच गाडी अडते. कुणी दोन्ही एकदम सांभाळलंय का?

दुसरं, फडावर गेलेल्यांचं. तोडकऱ्यांची टोळी पहाटे अंधारात निघते, फोन वडिलांच्या खिशात असतो. व्हिडिओ कुणी बघत नाही. कागदावरचं काय आणि कसं द्यावं?

आणि भूमितीच्या सिद्धता तपासून "इथे कारण राहिलं" असं लिहिणारं कुणी मिळेल का? पैसे नकोत, आठवड्यातला तासभर हवा.

भूमितीवाला: ताई, मी निवृत्त गणित शिक्षक, लातूरकडचा. अपूर्णांक वेगळे शिकवू नका. क्ष/३ + क्ष/४ = ७ असं समीकरण द्या. १२ ने का गुणायचं हे मूल स्वतः शोधतं, लसावि तिथेच पक्का होतो आणि आपण पाचवीचं शिकतोय असंही वाटत नाही. पहिले दोन महिने सगळी समीकरणं अशीच द्या.

दहावीचा क्रमही पुस्तकाप्रमाणे ठेवू नका. समरूपता आणि वर्तुळाला समोर माणूस लागतो, तेव्हा ती दिवाळीआधी संपवा. अंकगणिती श्रेढी, संभाव्यता, सांख्यिकी, अर्थनियोजन मुलं स्वतः वाचू शकतात, ती फडासाठी राखून ठेवा. बालभारतीच्या पुस्तकात मागे उत्तरसूची आहेच. एका टोळीतल्या दोन मुलांना मिळून एकच वही द्या, एकानं सोडवायचं, दुसऱ्यानं तपासायचं.

सई_के: सिद्धता मी तपासेन. रविवारी सकाळी फोटो पाठवा, संध्याकाळपर्यंत लाल पेनानं परत. खड्यांवाल्या मुलीसाठी एक सुचवते: गणित ऑलिम्पियाडची पहिली पायरी असलेली आयओक्यूएम ही परीक्षा आठवी ते बारावीच्या मुलांना देता येते. प्रत्येक उत्तर म्हणजे एक पूर्णांक संख्या, सिद्धता लिहावी लागत नाही. निवड व्हावी म्हणून नको, पण जुन्या पेपरांतली सोपी उदाहरणं मराठीत करून आठवड्याला एकच द्या. दोन दिवस सुटलं नाही तरी उत्तर सांगू नका. ती भाषांतरं मी करून देईन.

धागाकर्ती: सईताई, खूप आभार, व्यनि (खाजगी निरोप) केलाय. सर, हा क्रम मला कधी सुचला नव्हता, येत्या वर्षी तसाच घेते. पण दोन्ही प्रकरणं दिवाळीआधी संपवायची तर समरूपता उन्हाळ्यातच, टोळ्या परतल्या की सुरू करावी लागेल. त्याआधी नववीच्या भूमितीतलं किमान काय पक्कं हवं? त्रिकोणांची एकरूपता आणि समांतर रेषा इतकं पुरेल का?