बारकोड जुळला, पण मूळ नाव कुणी दिलं?

'माशाच्या कल्ल्याचा तुकडा लॅबला पाठवला की जात कळते, मग खवले न् काटे मोजत बसायचं कशाला?' माशाची जात ओळखण्याच्या या चर्चेत हे वर कुणीतरी लिहिलंय, ते अर्धंच पटलं. लॅबमधून जातीचं नाव येत नाही, सीओआय नावाच्या जनुकातल्या साधारण ६५० डीएनए-अक्षरांचा क्रम येतो, तोच 'बारकोड'. नाव येतं ते आधी कुणीतरी डेटाबेसमध्ये टाकलेल्या नमुन्यावरून. त्याने तिथे चुकीचं नाव चिकटवलं असेल, तर आपलंही शंभर टक्के जुळून चुकतं! म्हणून नमुना जपणं महत्त्वाचं. रिवाज असा, की पर किंवा स्नायूचा तुकडा माशाच्या उजव्या बाजूने घ्यायचा (डावी बाजू फोटोसाठी शाबूत), तो थेट इथेनॉलमध्ये, आणि मग उरलेला मासा फॉर्मॅलिनमध्ये. क्रम उलटा केला तर डीएनएची वाट लागते. संग्रहालयांतल्या जुन्या बरण्यांचं दुखणं नेमकं हेच आहे.

संकराबद्दल अजून कुणी बोललं नाही. सीओआय मायटोकाँड्रियातला (पेशीतला ऊर्जा बनवणारा भाग), म्हणजे फक्त आईकडून आलेला. दोन जातींच्या संकरातलं पिल्लू बारकोडमध्ये सरळ आईच्या जातीचं दिसतं, बापाचा पत्ताच नाही. गोड्या पाण्यात कार्पवर्गीय मासे सर्रास संकर करतात, त्यामुळे ही शंका पुस्तकी नाही. तिथे पेशीच्या केंद्रकातलं, म्हणजे आई-बाप दोघांकडून येणारं, एखादं जनुकही तपासावं लागतं. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरातले सिक्लिड कुळातले मासे तर इतक्या अलीकडे वेगळे झालेत, की शेकडो जाती असूनही सीओआय बहुतेकांना एकाच माळेत ओवतो. तिथे जबडा आणि दातच बघावे लागतात.